ओ पेअर म्हणून जर्मनीला जावं का? नागपूरच्या एका मुलीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मी २२ वर्षांची, प्रताप नगरला राहते. होम सायन्समध्ये बी.एस्सी. झालंय, जर्मनचं ए-१ (सर्वांत पहिली पातळी) सुरू आहे. वर्षभर ओ पेअर म्हणून, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची आणि बदल्यात राहणं-जेवण, पॉकेटमनी घ्यायचा, असं जर्मनीला जायचं मनात आहे. सीताबर्डीचा एक एजंट दीड लाख मागतो. मावसबहीण म्युनिकला असते, तिला बाळ झालंय, तिच्याकडेच गेले तर? आणि आई म्हणते, "लोकायचे पोट्टे सांभाळाले अन् भांडे घासाले एवढ्या दूर काऊन जाऊन राहिली?" तिला काय सांगू? तिथे घरात नेमकं करावं काय लागतं?

उत्तर:

मी स्वतः श्टुटगार्टजवळच्या एका गावात ओ पेअर होते आणि परत आल्यापासून नागपुरात जर्मन शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली या वाटेने जात असतात, त्यामुळे तुझे प्रश्न काही नवे नाहीत. सोपे आधी उरकते.

एजंटला पैसे देऊ नकोस. जर्मनीच्या ओ पेअर व्हिसाला मधला माणूस लागतच नाही. कुटुंबं आणि मुली एकमेकांना शोधतात अशा वेबसाइट आहेत. तिथे आपली माहिती टाकायची, पत्रं लिहायची, व्हिडिओ कॉल करायचे. मदत हवीच असेल तर जर्मनीतली एजन्सी धर. तिथल्या नियमाप्रमाणे एजन्सीला मुलीकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. तुझा एजंट मागतोय ती रक्कम तुझ्या वर्षभराच्या पॉकेटमनीच्या निम्म्याच्या आसपास जाते, आणि त्या बदल्यात तो तुझ्यासाठी तोच फॉर्म भरणार जो तुला स्वतःला भरता येतो. तुझा खरा खर्च म्हणजे जर्मनची परीक्षा, ७५ युरो व्हिसा फी आणि जायचं विमानाचं तिकीट. यायचं तिकीट कोण काढणार हे करारात लिहून घे. काही कुटुंबं देतात, पण धरून चालू नकोस.

मावसबहिणीकडे जाता येणार नाही. नातेवाइकांकडे ओ पेअर म्हणून व्हिसा मिळत नाही. नातं नसतं तरी अडचण होतीच, कारण घरात जर्मन बोललं जायला हवं, आणि आईबाप दोघेही भारतातून गेलेले असतील तर त्यांना भारतातली ओ पेअर चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा बेत आधी शिजतो, "घरचीच मुलगी, घरचंच बाळ," आणि मग व्हिसाच्या टेबलावर तो मोडतो. बहीण तिथे आहे याचा फायदा वेगळाच आहे, त्याकडे पुढे येते.

आता नियम. व्हिसाचा अर्ज करताना वय १८ ते २६ हवं, म्हणजे २७वा वाढदिवस झालेला नको. जर्मन ए-१ हवं. राहणं कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि ही संधी आयुष्यात एकदाच. सहा महिन्यांनी परत आलीस तर उरलेले सहा पुन्हा मिळत नाहीत. काम दिवसाला सहा तासांपेक्षा आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण सुटीचा, आणि वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा. महिन्याला २८० युरो पॉकेटमनी, भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाकडून ७० युरो, स्वतःची वेगळी खोली, जेवणखाण आणि विमा त्यांचा. २८० युरो म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या वर, पण तिथे एक साधा हिवाळी कोट घेतला की महिना संपला. घरी पैसे पाठवायचे असतील तर हा रस्ता तुझ्यासाठी नाही, हे मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

(बाकी देशांचं एवढंच सांगते: फ्रान्समध्ये आठवड्याला २५ तास, अमेरिकेत ४५ पर्यंत. नॉर्वेने २०२४ मध्ये युरोपबाहेरच्या मुलींसाठी ही योजनाच बंद केली. कुणी नॉर्वेचं स्वप्न विकत असेल तर फोन ठेवून दे.)

आईचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. काकू चुकीचं काही बोलत नाहीयेत. भांडी आहेत, पोरं आहेत, पोरांचे शेंबडे रुमालही आहेत. युरोपीय परिषदेने १९६९ साली स्ट्रासबुर्गला ओ पेअरबद्दल करार केला, त्यात अशा मुलींना विद्यार्थीही म्हटलं नाही आणि कामगारही नाही, त्यांचा एक वेगळाच गट मानला. कागदावर हे छान वाटतं. घरात मात्र रोज सकाळी ठरवावं लागतं की आज तू कोण आहेस. जेवायच्या टेबलावर घरची मुलगी, आणि जेवण झाल्यावर सगळे उठून गेले की भांड्यांपाशी उरलेली तू एकटी? असं होत असेल तर काहीतरी बिघडलंय. चांगल्या घरात बाप टेबल आवरतो, आई डिशवॉशर भरते, मोठा मुलगा कचरा खाली नेतो, आणि तू मधलं एखादं काम करतेस.

आणि आपण थोडं खरंही बोलू. आपल्या धरमपेठ-प्रताप नगरच्या घरांमध्ये संडास घासायला बाई येते, तिचा चहाचा कप सिंकखाली वेगळा ठेवलेला असतो. काकूंना भीती वाटते ती पोरीला कष्ट पडतील याची कमी आणि पोरगी त्या कपाच्या बाजूला जाईल याची जास्त. जर्मनीत मध्यमवर्गी घराचा संडास घरचेच लोक घासतात. डॉक्टरीणबाई शनिवारी सकाळी हातमोजे घालून बाथरूममध्ये दिसतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. तू तुझं बाथरूम स्वतः धुशील, त्यांचं धुवायचं नाही. खिडक्या पुसणं, बागेची खणणी, आजारी आजीची शुश्रूषा ही ओ पेअरची कामं नाहीत. मुलांचा नाश्ता, त्यांना शाळेत पोचवणं-आणणं, त्यांचे कपडे धुणं-घडी घालणं, त्यांची खोली, आणि घरातली हलकी कामं ही आहेत. रेष इथे आहे, आणि ती कुटुंबालाही माहीत असते.

आता घरात काय करावं लागतं. तुझ्या दिवसाची खरी परीक्षा सकाळी साडेसहा ते आठमध्ये असते, बाकीचा दिवस त्यापुढे सोपा.

हिवाळ्यात तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. मुलांचे डबे भरायचे. ब्रेडला लोणी, वर चीजचा काप, सोबत सफरचंदाच्या फोडी, काकडी किंवा गाजर. गोड नको, बऱ्याच बालवाड्यांमध्ये ते चालत नाही. पराठ्याचा मोह होईल, पण आधी मुलांच्या आईला विचार. मग कपडे. पाऊस असो, बर्फ असो, पोरं बालवाडीत रोज बाहेर खेळतात, म्हणून खांद्याला पट्टे असलेली रबरी पँट, गमबूट, दोन-दोन हातमोजे, आणि प्रत्येकावर नाव. आणि इथे आपल्या मुलींचा हात हटकून पुढे जातो. चार वर्षांचा पोरगा चपलांच्या कपाटाशी बसलाय, उजवा बूट डाव्या पायात घालायचा प्रयत्न करतोय, घड्याळात पावणेआठ झालेत. आपण काय करू? खाली बसू, पाय ओढू, बूट चढवू, "चल बाळा" म्हणू. तो किंचाळेल, "झेल्बर!" म्हणजे माझं मीच करणार. आणि त्याची आई दारात शांत उभी राहील, बूट चुकीच्या पायात गेलेला बघेल, तो पुन्हा काढला जाईपर्यंत थांबेल, आणि मग म्हणेल, आता चला. उशीर होऊ नये म्हणून ती पोराला पाच मिनिटं आधी उठवते, पण बूट त्यालाच घालू देते. पाचव्या वर्षापर्यंत हाताने भरवणाऱ्या घरातून आपण जातो. तिथे दीड वर्षाचं पोर काट्याने जेवतं आणि निम्मं जमिनीवर सांडतं, तेही चालतं. भरवू नको. उचलू नको. वेळ दे.

मारायचं तर अजिबात नाही, आणि हे मी नुसतं संस्कार म्हणून सांगत नाही. मुलाला मारणं जर्मनीत २००० सालापासून कायद्याने बंद आहे, आईबापांनाही. आपल्याकडची "एक चापट दिली की ऐकतो" ही चापट तिथे गुन्ह्याच्या जवळ जाते. खोलीत कोंडणं, "पोलीस नेईल" म्हणून घाबरवणं, तेही नको. पोर रस्त्यावर लोळण घेत असेल तर शेजारी उभी राहा, गाडी येणार नाही एवढं बघ, आणि लोक बघताहेत याची लाज सोड. तिथे लोक बघतच नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एक काम करून घे. बालवाडीवाले कुणाच्याही हाती पोर देत नाहीत. घ्यायला येणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव आईबापांनी लेखी द्यावं लागतं. नाही दिलं तर दुपारी दारात तू आणि आत पोर.

उन्हाळ्यात मुलं गवतातून, जंगलातून खेळून आली की आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागची खोबण, कानांमागे, केसांची मुळं तपासायची. तीळ असावा तेवढी गोचीड असते. दक्षिण जर्मनीत तिच्यातून मेंदूज्वर पसरतो, त्याची लस असते, आणि कुटुंबाने ती तुलाही द्यायला हवी. चिमट्याने कशी काढायची ते मुलांच्या आईकडून आधी शिकून घे.

घराच्या कामाचं म्हणशील तर होम सायन्सची मुलगी म्हणून तुला यात मजा येईल. आपल्याकडे घर म्हणजे धूळ आणि ऊन यांच्याशी लढाई, तिथे ओलीशी. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की श्वासाची, आंघोळीची, भाताच्या वाफेची ओल आतच अडकते आणि थंड भिंतीवर जमून काळी बुरशी धरते. म्हणून कडाक्याच्या थंडीतही दिवसातून तीन-चारदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि पुन्हा लावायच्या. दिवसभर किलकिली ठेवायची नाही. त्याने भिंत गार पडते आणि बिल वाढतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला दुपारी खिडक्या-पडदे बंद करून कूलर लावणारे आपण, शून्याखाली खिडकी उघडायला हात धजत नाही. पण घरमालकाने बुरशी बघितली तर तो भाडेकरूलाच धरतो, म्हणून कुटुंब याबाबत फार काटेकोर असतं.

पाणी बऱ्याच भागांत जड. किटलीत पांढरा थर बसतो, अगदी आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये बसतो तसा. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून उकळायचं. डिशवॉशरला वेगळं मीठ लागतं ते याच पाण्यासाठी. त्यात भांडी विसळून ठेवू नकोस, नुसतं उष्टं काढून टाक. धारदार सुऱ्या आणि भाजी चिरायचे लाकडी पाट त्यात कधीच नाही. कपडे धुताना लोकरीचं वेगळं. एका मुलीने बापाचा लोकरी स्वेटर ६० डिग्रीला धुतला आणि तो बाहुलीच्या मापाचा निघाला. कुटुंब चांगलं होतं, हसले.

कचरा. कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक-डबे वेगळे, भाजीची सालं वेगळी, उरलेलं वेगळं. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या पेट्यांमध्ये, आणि रविवारी नाही, कारण बाटली फुटल्याचा आवाज होतो. पेयांच्या प्लास्टिक बाटल्या-डब्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. प्रत्येक गावाचे नियम थोडे वेगळे, म्हणून कोणत्या पेटीत काय टाकायचं ते तिथल्या मुलालाच विचार. सात वर्षांचं पोर तुला अगदी गंभीरपणे शिकवेल. श्टुटगार्टकडे तर इमारतीचा जिना आणि फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी असते आणि ती चुकली की शेजारीण बोलते. रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, गवत कापायचं यंत्र बंद. दूध-ब्रेड शनिवारीच.

जेवण हा आपल्या मुलींचा हळवा विषय. बऱ्याच घरांत गरम जेवण एकदाच, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला ब्रेड, चीज, लोणचं. पोळी नाही, वरण नाही, आणि सातला पोरं झोपायला. पहिल्या महिन्यात रात्री नऊला पोटात कावळे ओरडतात. तेव्हा लपून बिस्किटं खाण्यापेक्षा सरळ सांग की मला रात्री गरम लागतं, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी वरणभात-तूप कर. मुलं हमखास खातात. सावजी रस्सा सुट्टीत मैत्रिणींसाठी ठेव. ओट्यावर हळद सांडली तर लगेच पूस, पांढरा ओटा पिवळा झाला की जात नाही. फोडणी करताना दार लाव, खिडकी उघड. हिंगाचा वास त्यांच्या कोटांना लागतो आणि ते ऑफिसात नेतात.

हे सगळं शिकता येतं. आपल्या मुली अडतात त्या भिडेपायी. तीस तासांचे छत्तीस होतात ते कुणी राक्षस असतो म्हणून नव्हे. मुलांची आई म्हणते, "आज जरा उशीर होईल हं," तू म्हणतेस "काही हरकत नाही," आणि तिला ते खरंच वाटतं. आपल्याकडे "नको नको" म्हटलं की समोरचा आग्रह करतो. तिथे "नको" म्हटलं की ताट उचललं जातं. तुझ्या चेहऱ्यावरून कुणी काही ओळखणार नाही, आणि तशी अपेक्षाही त्यांच्यावर अन्याय आहे. स्वयंपाकघरात कॅलेंडर लाव, रोजचे तास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिही, रात्री मुलं झोपल्यावर घरी थांबलीस तर तेही तास लिही. रविवारी दहा मिनिटं बसून पुढचा आठवडा ठरव. तुला हे भांडकुदळपणाचं वाटेल. जर्मन माणसाला यात सोय दिसते. भीड इथेच फुटाळा तलावात बुडवून जा.

म्हणून मी म्हणते, देश आणि शहर निवडण्यात वेळ घालवू नकोस, घर निवड. बर्लिनमधल्या वाईट घरापेक्षा खेड्यातलं चांगलं घर बरं, फक्त भाषेच्या वर्गाला बस जाते ना ते बघ. व्हिडिओ कॉलवर "काम काय असेल?" असं विचारलंस तर गोड उत्तर मिळेल. "गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय झालं ते सांगा," असं विचार. कोण कधी उठलं, स्वयंपाक कुणी केला, पोर आजारी पडल्यावर घरी कोण थांबलं, हे आपोआप बाहेर येईल. खोली बघायला माग, खिडकी आणि दाराची किल्ली दिसली पाहिजे. आधीच्या ओ पेअरचा नंबर माग आणि तिच्याशी एकटीशी बोल. नंबर द्यायला कुटुंब टाळाटाळ करत असेल तर दुसरं शोध. आणि मुलांशी बोल, तोडक्यामोडक्या ए-१ मध्ये. आईबापांपेक्षा पोरं घराची जास्त खरी खबर देतात.

बिघडलंच तर. पासपोर्ट कुणालाही ठेवायला द्यायचा नाही, "सुरक्षित राहील" म्हणाले तरी. करारातल्या मुदतीत, बहुधा दोन आठवड्यांची, नोटीस देऊन दुसऱ्या घरी जाता येतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि वर्ष मात्र पहिल्याच दिवसापासून मोजलं जातं. चर्चशी जोडलेल्या संस्था ओ पेअर मुलींना सल्ला देतात, धर्म विचारत नाहीत. बाप किंवा कुणीही अंगचटीला आला तर सहन करत बसू नकोस. ११६ ०१६ हा महिलांसाठीचा मोफत नंबर दिवसरात्र चालतो, पोलीस ११०. भारताचा दूतावास बर्लिनला, वकिलाती म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्गला. तुझी मावसबहीण कामाची आहे ती इथे: तिचा पत्ता आणि तिच्याकडे रात्री दहाला दार वाजवता येईल एवढी मोकळीक. हे निघण्याआधीच तिच्याशी बोलून ठेव.

पुढचं. वर्ष संपल्यावर ओ पेअरचा परवाना वाढत नाही. पण तोवर भाषा बी-१ पर्यंत आली असेल तर बालवाडी शिक्षिकेचं किंवा नर्सिंगचं पगारी प्रशिक्षण शोधता येतं (दोन्हींना बऱ्याच ठिकाणी बी-२ मागतात), किंवा वर्षभराचं स्वयंसेवी सामाजिक काम. तुझं होम सायन्स बालवाडीच्या कामाशी चांगलं जुळतं. म्हणून भाषेचा वर्ग बुडवू नकोस, घरात पाहुणे असले तरी.

मुलांची नवीन शाळा-बालवाडी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, त्यामुळे कुटुंबं हिवाळ्यापासूनच शोधायला लागतात. महाराष्ट्रातल्या मुलींचे व्हिसाचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात आणि त्याला वेळ लागतो. अर्जासोबत कुटुंबाचं पत्र, सही केलेला करार आणि तू का जातेस हे सांगणारं जर्मनमधलं पत्र लागतं. ते पत्र इंटरनेटवरून उतरवू नकोस, तिथला अधिकारी त्यावरूनच तुला जर्मनमध्ये प्रश्न विचारू शकतो. ए-१चं प्रमाणपत्र जानेवारीपर्यंत हातात हवं. परीक्षा आपल्याकडच्या बहुतेक मुली पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात देतात, तिथल्या जागा भराभर भरतात, तेव्हा तारीख याच आठवड्यात बघ आणि रेल्वेचं आरक्षणही त्याच बरोबर कर.